जलसा ते लोकनाट्य : कलेतून समाजबांधणी

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.
१. प्रचार, प्रबोधन आणि सर्जनशील लोककृती यांतील फरक सांगता येईल.
२. तमाशाच्या साच्यातून सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा आणि लोकनाट्य कसे घडले, हे स्पष्ट करता येईल.
३. कलेमुळे समाज कोणत्या मार्गांनी संघटित होतो, याचे विश्लेषण करता येईल.
४. या प्रयोगांच्या मर्यादा ओळखता येतील आणि आपल्या परिसरातील कलाप्रकारांकडे त्याच दृष्टीने पाहता येईल.

१. प्रस्तावना

कला माणसांना एकत्र आणते, असे आपण सहज म्हणतो. परंतु एकत्र आलेली माणसे थोड्या वेळाने आपापल्या घरी जातात. पाचशे माणसांनी एकाच मांडवात बसून गाणे ऐकले, एवढ्याने त्यांचा समाज बनत नाही. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक पाणवठ्यावर जाण्याची वेळ येते, मुलीला शाळेत घालायचे असते, संपात उतरायचे असते. तेव्हा त्यांतली किती माणसे एकमेकांच्या बाजूने उभी राहतात, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक दीर्घ प्रयोग झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपर्यंत तो चालला. त्याचे साधन होते तमाशा, म्हणजे ज्या कलेला प्रतिष्ठित समाज हलकी मानत असे तीच कला. प्रस्तुत घटकात आपण या प्रयोगाचे तीन टप्पे पाहणार आहोत. शेवटी तमिळनाडूतील कावेरीकाठच्या एका गावाच्या निमित्ताने, हीच दृष्टी दुसऱ्या प्रांतात कशी वापरता येईल याचाही थोडक्यात विचार करू.

२. संकल्पना

प्रचारात संदेश आधी ठरलेला असतो आणि कला ही त्याची वाहक असते. कुटुंबनियोजनाची भिंतीवरची जाहिरात हे त्याचे साधे उदाहरण. प्रबोधनात लोकांच्या मनातील समजुतींना प्रश्न विचारले जातात. सर्जनशील लोककृती त्याच्या पुढे जाते. तिच्यात ज्यांच्यावर अन्याय होतो तेच लोक कलावंत असतात, कलेचे रूप त्यांच्या ओळखीचे असते आणि खेळ संपल्यावर करण्यासारखे काही काम समोर असते. कलावंत, रूप आणि काम ही तीन अंगे लक्षात ठेवा. पुढील प्रत्येक उदाहरण आपण त्यांवर तपासणार आहोत.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या विचाराची सुरुवात मानता येईल. एक भोळे कुणबी जोडपे पुरोहिताच्या भूलथापांना बळी पडते. विदूषक मध्ये मध्ये येऊन चाललेल्या फसवणुकीवर बोट ठेवतो. अखेरीस नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. फुले दांपत्य तेव्हा खरोखरच शाळा चालवीत होते. नाटकाचा शेवट त्या शाळेच्या दाराशी नेऊन ठेवणे हा त्यातील महत्त्वाचा भाग आहे. मात्र हे नाटक त्या काळी रंगभूमीवर आले नाही. गावोगाव पोचण्यासाठी लोकांच्या अंगवळणी पडलेले दुसरे रूप हवे होते.

३. तमाशाचा साचा

ते रूप तमाशात तयार होते. तमाशाचा क्रम साधारणपणे असा असतो.

गण : गणपतीला वंदन.
गौळण : कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणी यांचा विनोदी प्रवेश.
बतावणी : दोन पात्रांमधील सवाल-जवाब आणि कोटीबाजी.
लावणी : बहुधा शृंगारिक गीत व नृत्य.
वग : शेवटचे कथानाट्य. यातील बरेच संवाद कलावंत आयत्या वेळी रचून म्हणतात.

ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज एवढी वाद्ये असली की फड उभा राहतो. नेपथ्य लागत नाही, पडदा लागत नाही.

या साच्याचे दोन गुण चळवळीच्या दृष्टीने फार उपयोगी होते. पहिला असा, की क्रम सर्वांना पाठ असल्यामुळे त्यात केलेला छोटा बदलही प्रेक्षकाच्या चटकन ध्यानात येई. दुसरा, की वगाचे संवाद आयत्या वेळी जुळवता येत असल्यामुळे त्या गावातील ताजी घटना त्याच रात्री खेळात आणता येई.

दोषही तेवढाच मोठा होता. तमाशा करणारे बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतले होते. त्यांच्या गाण्याला दाद मिळे, पण शिवाशीव तशीच राही. नाचणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला पैशाबरोबर अवहेलना येई. त्यामुळे हे रूप हाती घ्यायचे तर त्याला चिकटलेल्या अपमानाचे काय करायचे, हा पेच पुढील प्रत्येक टप्प्यावर उभा राहिला.

४. पहिला टप्पा : सत्यशोधक जलसा

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्याचे विचार खेड्यांत नेण्यासाठी जलसे सुरू झाले. ओतूरचे भीमराव महामुनी हे या जलशांचे एक आरंभीचे प्रवर्तक मानले जातात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रात जलशांचा मोठा प्रसार झाला.

जलसेकारांनी तमाशाचा क्रम ठेवला आणि आशय बदलला. गणातील ‘गणपती’ या शब्दाचा अर्थ गणांचा पती, म्हणजे लोकांचा नायक, असा लावला जाऊ लागला. शृंगारिक लावणी मागे पडली. बतावणीत सावकाराची वही, भटजीची दक्षिणा, दारू, बालविवाह, शिक्षण असे विषय आले.

बतावणी कसे काम करते, हे एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एक शहाणा आणि एक खुळा अशी दोन पात्रे आहेत. खुळा म्हणतो, “सावकारानं वीस रुपये दिले, मी चाळीस फेडले, अजून तीस बाकी आहेत म्हणे. सावकाराची लक्ष्मी कशी वाढते बघा!” शहाणा त्याला बोटांवर हिशेब करायला लावतो. खुळा चुकत चुकत मोजतो, प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता प्रत्येक जण स्वतःच्या कर्जाचा हिशेब मनात मांडू लागतो. भाषणात वक्ता प्रेक्षकाला अडाणी ठरवण्याचा धोका असतो. येथे अडाणीपणाची भूमिका पात्राने स्वतःकडे घेतलेली असते, म्हणून प्रेक्षकाचा मान राखला जातो.

तीन अंगांवर तपासले तर येथे कलावंत शेतकरी व कारागीर समाजातले होते, रूप ओळखीचे होते, आणि पुरोहिताविना लग्न लावणे किंवा मुलांना शाळेत घालणे असे ठोस काम समोर होते.

५. दुसरा टप्पा : आंबेडकरी जलसा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे सुरू केली. परंतु ज्यांच्यासाठी ती होती, त्यांतील बहुसंख्य लोकांना अक्षरओळखही करून दिलेली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. या घटनांचा अर्थ वाडीवस्तीपर्यंत पोचवायचा कसा? हे काम जलसेकारांनी उचलले.

त्यांत भीमराव कर्डक यांचे नाव ठळक आहे. नाशिक जिल्ह्यातील या कलावंताचा जलसा १९३० च्या दशकात मुंबईतील कामगार वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत गाजला. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक त्यांनी पुढे स्वतः लिहिले, त्यामुळे या परंपरेची आतल्या माणसाने केलेली नोंद आपल्याला मिळते. आपल्या दहा सभांच्या तोडीचे काम एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांच्या नावावर सांगितले जातात. त्यातून चळवळीत या कलेला किती मान होता, हे कळते.

जलसेकार दिवसा मजुरी करीत आणि रात्री खेळ. त्यांचे विषय थेट घरातले होते. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, गावकीची वेठ नाकारा, मुलांना शिकवा, दारू सोडा, हे सांगताना समोर बसलेल्या माणसाच्या जेवणालाच हात घालायचा होता. बाहेरच्या सुधारकाने हेच सांगितले असते तर तो उपदेश वाटला असता. त्याच वस्तीत वाढलेला, तेच खाऊन मोठा झालेला कलावंत सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला लाज न वाटता धीर येतो. गोलमेज परिषद, १९३२ चा पुणे करार, १९३६ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र मजूर पक्ष या राजकीय घडामोडीही जलशाच्या संवादांतून लोकांपर्यंत गेल्या. पुढे पुढे गणाची जागा भीमवंदनेने घेतली.

आता मघाशी सांगितलेल्या पेचाकडे वळू. पठ्ठे बापूराव हे त्या काळचे अत्यंत लोकप्रिय तमाशा कलावंत. ते जातीने ब्राह्मण होते आणि त्यांच्या फडात पवळा ही गाजलेली कलावती नाचत असे. महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देण्याची त्यांची तयारी बाबासाहेबांनी नाकारली, ही हकिकत दलित चळवळीच्या इतिहासात वारंवार येते. अस्पृश्य समाजातील स्त्रियांच्या नाचण्यावर मिळवलेल्या पैशातून त्याच समाजाच्या सन्मानाचा लढा लढवायचा नाही, अशी त्यामागील भूमिका होती. म्हणून आंबेडकरी जलशाने तमाशाचे वाद्य, चाल आणि संवाद घेतले, पण नाचणारी स्त्री आणि शृंगारिक लावणी वगळली. या निर्णयाची दुसरी बाजू आपण मर्यादांच्या विभागात पाहू.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशाचा वारसा भीमगीतांकडे आणि गायन पार्ट्यांकडे गेला. या परंपरेतील सर्वांत मोठे नाव वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावात जन्मलेले वामनदादा मोठेपणी अक्षरे शिकले आणि आयुष्यभर गावोगाव फिरून गात राहिले. ज्याला वाचता येत नव्हते तो माणूस पुढे हजारोंच्या ओठांवर शब्द ठेवतो, हे या चळवळीने घडवलेल्या माणसाचे उदाहरण आहे.

६. तिसरा टप्पा : लाल बावटा कलापथक आणि लोकनाट्य

१९४३ मध्ये मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ, स्थापन झाला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावच्या मातंग कुटुंबात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णाभाऊंना शालेय शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. मुंबईत त्यांनी मिळेल ते काम केले आणि कामगार चळवळीत ते घडले.

‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ या रचनांतून त्यांनी तमाशाला नवे वळण दिले. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन आले, गौळण गळाली आणि वगाच्या केंद्रस्थानी कामगार व शेतकरी आला. या प्रकाराला लोकनाट्य हे नाव रूढ झाले. त्याचा प्रभाव एवढा होता की सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या कलावंतांचे काम विशेष दिसते. मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य व्हावे यासाठी झालेल्या या लढ्यात १०६ हुतात्म्यांची नोंद केली जाते. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच काळातली. तिची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे. सुरुवातीला पोटासाठी मुंबईला आलेला कामगार गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. गिरणगावातल्या बहुतेक पुरुषांची हीच स्थिती होती. रचना पुढे सरकते तशी ती ताटातूट बेळगाव, कारवार, निपाणी यांपासून तुटलेल्या महाराष्ट्राची होते. राज्यपुनर्रचना हा आयोग आणि अहवाल यांचा कोरडा विषय होता. छक्कडीने तो प्रत्येक कामगाराच्या स्वतःच्या विरहाशी जोडला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तरी सीमाभागाचा प्रश्न राहिला आणि ती छक्कडही लोकांच्या तोंडी राहिली.

७. समाज नेमका कसा संघटित होतो?

वरील तीन टप्प्यांवरून पुढील प्रक्रिया वेगळ्या काढता येतात.

(अ) जमण्याची जागा तयार होते. मंदिर, चावडी, पाणवठा या जागा ज्यांना बंद होत्या, त्यांना जलशाच्या रात्री स्वतःच्या वस्तीतच सार्वजनिक जागा मिळाली. तेथे कोण कुठे बसेल हे जातीवरून ठरत नव्हते.

(आ) अनुभवाला शब्द मिळतात. प्रत्येकाला आपले दुःख खासगी वाटते, नशिबाचे वाटते. तेच शंभर जणांसमोर बोलले गेले की त्याचे कारण नशिबाबाहेर शोधण्याची सुरुवात होते.

(इ) भीती कमी होते. पाटील, सावकार, पुरोहित यांची नक्कल पाहून माणसे एकत्र हसतात. ज्याला एकदा सर्वांनी मिळून हसले, त्याच्यासमोर दुसऱ्या दिवशी मान थोडी ताठ राहते.

(ई) सामायिक स्मृती घडते. महाड, नाशिक, हुतात्म्यांचे बलिदान या घटना गाण्यांत गुंफल्या गेल्या. १४ एप्रिल, ६ डिसेंबर असे दिवस समाजाच्या कॅलेंडरात आले. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नव्हता त्यांनी तो गाऊन जपला.

(उ) कार्यकर्ते तयार होतात. जलशातील मुलगा पाठांतर करतो, सभाधीटपणा शिकतो, गावोगावच्या ओळखी जोडतो. खेळ नसेल तेव्हा तोच निरोप नेतो, वर्गणी गोळा करतो, सभा भरवतो.

या पाचही प्रक्रियांमागे एक समान अट आहे. जलशाच्या मागे सत्यशोधक समाज, बाबासाहेबांची चळवळ किंवा कामगार संघटना उभी होती. गाण्याने जागवलेल्या माणसाने उद्या कुठे जायचे, याचे उत्तर तयार होते. संघटना नसती तर जलसा करमणुकीवर थांबला असता. जलसा नसता तर संघटना मूठभर साक्षरांपुरती राहिली असती.

८. मर्यादा

पहिली मर्यादा स्त्रियांच्या संदर्भात आहे. शृंगार वगळताना स्त्री कलावंतही मंचावरून वगळली गेली. जलशांत स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. तमाशातील स्त्रियांना शोषणातून सोडवण्यासाठी उचललेले पाऊल त्यांना उपजीविकेचा दुसरा मार्ग मात्र देऊ शकले नाही. समाजाचा सन्मान आणि त्या समाजातील सर्वांत दुबळ्या स्त्रीचा सन्मान एकाच मापाने मोजला गेला का, हा प्रश्न आजचे अभ्यासक विचारतात आणि तो रास्त आहे.

दुसरी मर्यादा अशी, की चळवळीच्या घाईत कधी कधी पात्रे ठोकळेबाज होतात. चांगला आणि वाईट एवढेच दोन रंग उरतात.

तिसरी मर्यादा सत्तेशी संबंधित आहे. चळवळीतून आलेले रूप लोकप्रिय झाले की सरकारी जाहिरात आणि निवडणूक प्रचार तेच उचलतात. ढोलकी तीच राहते, पण बोलणारा बदलतो. सर्जनशील लोककृती पुन्हा प्रचारात जमा होते.

चौथी गोष्ट ही मर्यादेपेक्षा जोखीम आहे. बंदी, मारहाण आणि तुरुंग हे अशा कलावंतांच्या वाट्याला येत राहिले. दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूर येथे पथनाट्य चालू असताना प्राणघातक हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

९. आपल्या परिसराकडे पाहताना

जलसा उचलून दुसऱ्या प्रांतात नेता येत नाही, पण त्याची दृष्टी नेता येते. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ असलेल्या तिरुनागेश्वरम् या गावाचे उदाहरण घेऊ. या परिसराचा मराठीशी जुना संबंध आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरात भोसल्यांची सत्ता आणली. ती १८५५ पर्यंत टिकली. या काळात मराठी कीर्तनपद्धती कावेरीकाठी रुजली. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतर यांनी तिच्या आधारे तमिळ हरिकथेला घाट दिला, म्हणून साकी, दिंडी यांसारखी मराठी वृत्ते तेथील हरिकथेत ऐकू येतात. कलारूप प्रांत ओलांडते आणि तेथील लोक त्यात आपला आशय भरतात, हे यातून दिसते.

आता वाद्यांकडे पाहा. तिरुनागेश्वरम् येथील नागनाथस्वामी मंदिरासारख्या देवळांत नादस्वरम् आणि तविल ही मंगलवाद्ये मानाने वाजतात. त्याच तमिळ मुलखात परै हे चामड्याचे वाद्य दलित जातींवर लादलेले काम म्हणून अंत्ययात्रेत वाजवले जात असे. महाराष्ट्रातील हलगीची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तमिळ दलित चळवळीतील कलावंतांनी काही ठिकाणी परै मरणाला वाजवण्याचे नाकारले आणि तेच वाद्य मोर्च्यांत, महोत्सवांत, स्त्रियांच्या हातीही दिले. वाद्य तेच, चामडे तेच. बदलले ते एवढेच, की ते कोणाच्या हुकमावरून वाजते.

म्हणून कोणत्याही गावातील कलेचा अभ्यास करताना चार प्रश्न विचारावेत. ही कला कोण सादर करते? तिच्यातून मान कोणाला मिळतो आणि अपमान कोणाच्या वाट्याला येतो? ती थांबवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार कलावंताला आहे का? आणि खेळ संपल्यावर लोकांनी एकत्र करावे असे काही काम तिच्या मागे उभे आहे का?

सारांश

सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा आणि लोकनाट्य या तिन्ही टप्प्यांनी तमाशाचा ओळखीचा साचा घेतला आणि त्यात बोलणारा बदलला. ज्यांना पूर्वी इतरांच्या करमणुकीसाठी गावे लागत होते, ते स्वतःच्या समाजाशी स्वतःच्या प्रश्नांवर बोलू लागले. जागा, शब्द, निर्भयता, स्मृती आणि कार्यकर्ते या पाच मार्गांनी समाज संघटित झाला. त्यासाठी कलेमागे संघटित काम असणे आवश्यक ठरले. स्त्री कलावंतांना वगळणे ही या प्रयोगाची गंभीर उणीव होती.

स्वाध्याय

१. प्रचार आणि सर्जनशील लोककृती यांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. तमाशाच्या गण, गौळण, बतावणी आणि वग या अंगांत जलसेकारांनी व लोकनाट्यकारांनी कोणते बदल केले?
३. ‘तमाशाच्या उत्पन्नातून आलेली मदत नाकारणे योग्य होते.’ या विधानाच्या दोन्ही बाजू मांडा.
४. खासगी अनुभवाचे सार्वजनिक प्रश्नात रूपांतर करण्यात गीताची बांधणी कशी उपयोगी पडते, हे एका उदाहरणाने सांगा.
५. क्षेत्रकार्य : आपल्या गावातील किंवा वस्तीतील एक वाद्य निवडा. ते वाजवणाऱ्यांची संमती घेऊन त्यांच्याशी बोला आणि वरील चार प्रश्नांच्या आधारे ५०० शब्दांचा अहवाल लिहा.